रॉकीची जखम

घरातल्या कुत्र्यावर लेख लिहिण्याची वेळ आमच्यावर कधी येईल, असे आम्हांला वाटले नव्हते. वसईच्या आमच्या बागायती पट्ट्यात कुत्रा म्हणजे वाडीचा राखणदार. उरलासुरला भात आणि मासळीची डोकी त्याच्या वाट्याला यायची, रात्री ओटीवर त्याची जागा असायची, आणि केळीच्या बागेत काही खसपसले की भुंकायचे, एवढेच त्याचे काम. त्याचे पोट भरले की आपले कर्तव्य संपले, असे आमचे वाडवडील मानीत आले. त्याला मन असते, ते दुखावते, आणि दुखावलेल्या मनाचा वळ अंगावर उमटतो, असे कोणी सांगितले असते, तर आम्ही हसलो असतो. आज आम्ही हसणार नाही. का हसणार नाही, ते सांगण्यासाठीच हा लेख.

रॉकी आमच्या घरी आला तो १६ ऑगस्ट २०२० या दिवशी. मार्चपासून टाळेबंदी सुरू झालेली होती. धो धो पावसात बावखलाच्या काठी कापून टाकलेल्या केळीच्या खुंटांखाली एक तांबूस पिल्लू कुडकुडत बसलेले आमच्या धाकट्याला दिसले. त्याने ते शर्टात गुंडाळून आणले. घरात नको म्हणणारे आम्ही दोघे होतो. हवे म्हणणारी दोन्ही मुले होती. आणि निकाल द्यायला आमचे वडील, म्हणजे अख्ख्या आळीचे नाना, आरामखुर्चीत बसलेले होते. नानांनी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिले. तो संत रॉकचा सण होता. महामारीत ज्याचा धावा करायचा, असा हा मोंपेल्येचा चौदाव्या शतकातला संत. त्याला स्वतःलाच प्लेगने गाठले, तो रानात जाऊन पडला, आणि एका कुत्र्याने रोज भाकरीचा तुकडा आणून त्याला जगविले, त्याच्या जखमा चाटल्या, अशी परंपरा सांगते. नाना म्हणाले, "आजच्या दिवशी, असल्या साथीत, कुत्रं दाराशी आलंय. त्याला हाकलणारे आपण कोण?" निकाल लागला. नावही ठरले.

त्या काळात घर कसे भरलेले होते, ते आता आठवले की नवल वाटते. एरवी सकाळी सातच्या आत आम्ही दोघे वसई रोड स्टेशनकडे धावणारे. पण नोकरी घरात आलेली, शाळा मोबाईलमध्ये शिरलेली, मिस्सासुद्धा पडद्यावर पाहायची. सहा महिन्यांच्या, वर्षाच्या, दीड वर्षाच्या रॉकीने रिकामे घर म्हणून पाहिलेच नाही. तो जागा झाला की कोणीतरी असे. तो झोपला की कोणाच्या तरी पायाशी झोपे. संध्याकाळी आंजेलसची घंटा झाली की नाना रोझरी काढीत आणि रॉकी त्यांच्या खुर्चीखाली जाऊन पसरे. पाच रहस्ये संपेपर्यंत तो जागचा हलत नसे. आमची थोरली म्हणायची, "आपल्यापेक्षा याचंच चित्त जास्त लागतं." आम्हांला कौतुक वाटे. पण घडत काय होते, ते आमच्या ध्यानी आले नाही. त्याला एकटे राहणे कोणी शिकविलेच नव्हते.

२०२२ साल उजाडले आणि घर हळूहळू रिते होऊ लागले. कचेऱ्या उघडल्या, शाळा उघडली. थोरली नर्सिंगच्या शिक्षणासाठी बेंगळुरूला गेली. तरी नाना घरी होते, म्हणून रॉकीचे काही अडले नाही. दिवसभर ती दोघे एकमेकांच्या सोबतीने असत. नानांच्या हातच्या चहाच्या बशीतला शेवटचा घोट त्याचा असे. चहा कुत्र्याला चांगला नाही, हे आम्हांला पुढे कळले. पण तेव्हा ते कोणाला ठाऊक?

२०२३च्या जानेवारीत नानांना एका रात्री धाप लागली. त्यांना इस्पितळात हलविले. नऊ दिवसांनी ते गेले. त्यांना घरी आणले तेव्हा अंगण माणसांनी भरून गेले होते. रॉकी भुंकेल, कोणाच्या तरी अंगावर जाईल, म्हणून आम्ही त्याला मागच्या खोलीत कोंडले आणि बाहेरून कडी घातली. प्रार्थना चालू असता दाराला नखे घासल्याचा आवाज येत होता. कोणीतरी म्हणाले, "सोडा त्याला." आम्ही सोडले नाही. दफन आटोपून, लोकांना निरोप देऊन, रात्री आठच्या सुमारास कडी काढली, तेव्हा तो सरळ नानांच्या खुर्चीपाशी गेला, खुर्ची हुंगली, मग दाराशी जाऊन बसला. नाना ज्या दाराने रिक्षात बसायला गेले होते, ते दार.

दोनच आठवड्यांनी आम्ही आपापल्या कामाला लागलो. कुटुंबाला दुःख पुरवून पुरवून भोगण्याची सवड कुठे असते? सकाळी साडेसहाला आम्ही निघत असू. धाकटा सातला शाळेत जाई आणि तिथूनच क्लासला. दुपारी चारपर्यंत घरात रॉकी एकटा. पहिल्या आठवड्यात दाराच्या चौकटीवर ओरखडे दिसले. दुसऱ्या आठवड्यात ओटीवर मुताचे थारोळे. अडीच वर्षांचा शहाणा कुत्रा असे करतो, याचा आम्हांला राग आला. संध्याकाळी दमून आल्यावर आम्ही त्याला थारोळ्यापाशी नेऊन दटावीत असू. तो कान पाडी, मान खाली घाली, नजर चुकवी. "बघ, याला कळतंय आपण काय केलंय ते," असे आम्ही एकमेकांना म्हणत असू.

ते खरे नव्हते. न्यूयॉर्कच्या बार्नर्ड कॉलेजात अलेक्झांड्रा होरोविट्झ या विदुषीने २००९ साली यावर एक प्रयोग प्रसिद्ध केला आहे. कुत्र्याने खाऊ चोरला असो वा नसो, मालक रागावला की ओशाळलेला चेहरा दिसतोच. किंबहुना काहीही न केलेला कुत्रा रागावला गेल्यावर अधिकच ओशाळा दिसतो. ती अपराधाची कबुली नसते. समोरच्याच्या रागाला दिलेले ते उत्तर असते. आम्ही दिवसभर घाबरलेल्या जिवाला संध्याकाळी पुन्हा घाबरवीत होतो, आणि त्यालाच शिस्त म्हणत होतो. मग त्याला साखळी लावली. त्या दिवसांपासून तो चाटू लागला.

डाव्या पुढच्या पायाच्या मनगटाची जागा. आधी तिथले केस ओले दिसत. मग गळाले. मार्चअखेर रुपयाएवढा लाल डाग झाला. उपवासकाळ संपून ईस्टर आला, तोवर बताशाएवढी उंच, कडा जाडावलेली, मधोमध ओली जखम झाली होती. आमच्या लोकांत एक समजूत आहे की, कुत्र्याची जीभ औषधी असते. लूकच्या शुभवर्तमानात श्रीमंताच्या दाराशी पडलेल्या लाजरसचे फोड कुत्रे चाटीत, हे आपण लहानपणापासून ऐकत आलो. संत रॉकच्या तसबिरीतही तेच. म्हणून पहिले काही दिवस आम्ही म्हणालो, चाटू दे, बरे होईल. मग हळद आणि खोबरेल लावले. ते त्याने आवडीने चाटून टाकले. कोणी कडुलिंबाचा रस सांगितला, कोणी मिरचीची पूड. मिरची मात्र आम्ही लावली नाही, एवढीच आमची शहाणीव. एका दवाखान्यातून मलम आणले, दुसऱ्या खेपेला दुसरे मलम, तिसऱ्या खेपेला इंजेक्शन. गळ्यात प्लास्टिकचा फुनेल बसविला. तो काढला की तासाभरात जखम पूर्ववत. एका रात्री दिवा लावला, तेव्हा फरशीवर रक्ताचे ठिपके होते आणि तो दातांनी कुरतडत होता. स्वतःचेच हाड सापडेपर्यंत तो थांबणार नाही की काय, असे भय आम्हांला त्या रात्री वाटले.

मे महिन्यात चमत्कार झाला. जखम सुकली, कडेने केसही उगवू लागले. तिसरे मलम लागू पडले म्हणून आम्ही त्या डॉक्टरांना आंबे पाठविले. जूनच्या मध्यावर शाळा उघडली आणि चार दिवसांत जखम पुन्हा उघडी पडली. मे महिन्यात धाकटा सुट्टीमुळे दिवसभर घरी होता, ही एवढी उघड गोष्ट आमच्यापैकी कोणाच्याही लक्षात आली नाही. उत्तर आमच्या डोळ्यांसमोर महिनाभर बसले होते, क्रिकेटची मॅच पाहत.

जुलैत शेजारची मावशी कुंपणापाशी आली. त्या विधवा, दोन्ही मुलगे परदेशी. त्या म्हणाल्या, "पोरांनो, तुमच्या कुत्र्याचं काहीतरी करा." आम्ही ती तक्रार समजलो. आम्हांला लाज वाटली, थोडा रागही आला. त्याच सुमारास एका नातलगाने सुचविले की, डहाणूकडे ओळखीच्यांची चिकूची वाडी आहे, तिथे याला सोडू, मोकळा राहील. 'सोडू' हा शब्द फार सोयीचा असतो. रविवार ठरला. धाकटा दोन दिवस आमच्याशी बोलला नाही. शुक्रवारी रात्री तो एवढेच म्हणाला, "नानांना आपण शेवटचं भेटू दिलं नाही त्याला. आता आपणही भेटायचं नाही?" जेवणाच्या टेबलावर कोणाचा घास पुढे गेला नाही. नानांना जाऊन सहा महिने झाले होते, आणि त्यांचे नाव त्या टेबलावर इतक्या उघडपणे प्रथमच निघाले होते.

शनिवारी एक शेवटचा प्रयत्न म्हणून आम्ही एका पशुवैद्य बाईंकडे गेलो. त्यांनी जखमेकडे पाहण्याआधी विचारले, "तुम्ही घरी नसता तेव्हा हा काय करतो?" आम्हांला उत्तर देता येईना. त्यांनी सांगितले, "जुना मोबाईल कपाटावर ठेवा, चित्रण चालू करा, नेहमीसारखे निघा. एका तासाने परत या." रविवारी डहाणूला जाण्याऐवजी आम्ही मिस्सेला गेलो आणि मोबाईल कपाटावर ठेवला.

ते चित्रण आम्ही चौघांनी पाहिले, थोरलीने बेंगळुरूहून. फाटक वाजते. रॉकी दाराशी जातो. धापा टाकतो, उन्हाळा नसताना. ओटी ते मागचे दार, मागचे दार ते ओटी, अशा येरझारा घालतो. दाराला पंजे मारतो. मान वर करून जो आवाज काढतो, त्याला भुंकणे म्हणता येत नाही. मग नानांच्या खुर्चीपाशी येतो, तिच्याखाली शिरतो, आणि डावा पाय समोर घेऊन चाटू लागतो. घड्याळात आम्ही निघून अकरा मिनिटे झालेली असतात. पुढची एकोणपन्नास मिनिटे तो चाटतच राहतो. मधे एकदा थांबून, कान टवकारून फाटकाकडे पाहतो, आणि पुन्हा चाटू लागतो. चित्रण संपले तेव्हा आमच्यात कोणी काही बोलले नाही. डहाणूचा विषय पुन्हा निघाला नाही.

डॉक्टरबाईंनी नंतर जे समजावून सांगितले, ते आम्ही येथे आमच्या शब्दांत मांडतो, कारण अशी घरे आमच्या धर्मग्रामात आणखीही असतील. या दुखण्याला ॲक्रल लिक डर्मटायटिस म्हणतात. बहुधा पुढच्या पायाच्या मनगटावर ते होते. लॅब्रॅडोर, डोबरमन, जर्मन शेफर्ड यांसारख्या मोठ्या कुत्र्यांत अधिक आढळते. पण गावठी कुत्र्यालाही त्यातून सूट नाही. कारण एकच असते असे नाही. ॲलर्जी, सांधेदुखी, पायात रुतलेला काटा, बुरशी, खरजेचे किडे, यांपैकी कशानेही सुरुवात होऊ शकते. म्हणून आधी त्वचा खरवडून तपासायची, पायाचा एक्स-रे काढायचा, रक्त पाहायचे. सगळे मनाचे आहे असे आधीच ठरविणे, हीदेखील चूकच. रॉकीचे हाड चांगले होते, किडे नव्हते. उरली ती एकटेपणाची भीती. पण चाटून चाटून त्वचेच्या आतवर जंतू शिरले होते आणि तुटलेले केस रुतले होते. चाटल्याने क्षणभर शांत वाटते, चाटल्याने जखम खाजते, खाज सुटली की पुन्हा चाटावेसे वाटते, असे ते चक्र. नुसते मलम त्या खोलीपर्यंत पोचत नाही. आणि मलमाने पोचले, तरी भीतीपर्यंत पोचत नाही.

म्हणून उपचार दोन्ही बाजूंनी झाला. जंतूंसाठी अँटिबायोटिकच्या गोळ्या, त्याही आठवडाभर नव्हे, तर पुरते आठ आठवडे. जखम मिटेपर्यंत फुनेल. पण शिक्षा म्हणून नव्हे, आमच्या देखरेखीत आणि लाडीगोडीने. आणि भीतीसाठी रोज एक गोळी, फ्लुओक्सेटिनची. हे नाव ऐकून आम्ही चपापलो. माणसांना नैराश्यात देतात तेच हे औषध. "कुत्र्याला वेडाचं औषध!" असे एका नातलगाने ऐकविलेच. डॉक्टरबाई हसल्या नाहीत. त्यांनी सांगितले की, अमेरिकेच्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेतील ज्युडिथ रॅपोपोर्ट या डॉक्टरीणबाईंनी १९९२ साली, पाय चाटून जखमी करणाऱ्या कुत्र्यांना माणसांच्या मंत्रचळावरची औषधे देऊन पाहिली, आणि कुत्र्यांचे चाटणे कमी झाले. पुन्हा पुन्हा हात धुणारी माणसे आणि पुन्हा पुन्हा पाय चाटणारी कुत्री यांच्यात त्यांना साम्य दिसले होते. कोरोनाच्या काळात हात धुऊन धुऊन कातडी सोललेली माणसे आम्ही आमच्याच आळीत पाहिली होती; त्यांना कोणी वेडे म्हटले नव्हते.

या गोळीचा गुण चार ते सहा आठवड्यांनी दिसतो. पहिले काही दिवस रॉकीचे खाणे कमी झाले, तो सुस्त पडून राही. आम्ही घाबरून फोन केला, तर धीर धरा, असे उत्तर मिळाले. आपल्या मनाने मात्रा वाढवायची नाही, एकाएकी बंद करायची नाही, आणि घरातल्या माणसाची गोळी कुत्र्याला कधीही द्यायची नाही, हे त्यांनी आम्हांला तीनदा बजावले.

पण औषध फक्त दार किलकिले करते, आत शिकवणी आपल्याला घ्यावी लागते, हे पुढच्या चार महिन्यांत कळले. किल्ली खुळखुळली, डबा पिशवीत गेला, चपला पायात गेल्या, की रॉकीचा ऊर धपापू लागे. कारण त्याच्या दृष्टीने तीच प्रलयाची चिन्हे होती. म्हणून आम्ही दिवसातून दहादा किल्ली उचलायची आणि पुन्हा खुंटीला लावायची. चपला घालून स्वयंपाकघरात बसायचे. पिशवी खांद्याला लावून वर्तमानपत्र वाचायचे. शेजारपाजारचे लोक हसत. पंधरा दिवसांत किल्लीच्या आवाजाने त्याने डोळा उघडून पुन्हा मिटला, तो दिवस आम्ही कॅलेंडरवर लिहून ठेवला आहे. मग दाराबाहेर जायचे आणि लगेच परत यायचे. अर्धा मिनिट, एक मिनिट, दोन, पाच. तो घाबरण्याआधी परतायचे, हा नियम. जाताना निरोपाचा सोहळा नाही, येताना भरतभेट नाही. निघण्यापूर्वी त्याला वाडीत हिंडवून आणायचे, मनसोक्त हुंगू द्यायचे. आणि निघताना जुन्या टॉवेलच्या घड्यांत त्याचे खाणे लपवून त्याच्यापुढे टाकायचे, म्हणजे जिभेला आणि नाकाला काम मिळते. जिला चाटायचेच आहे, त्या जिभेला वाडगाभर गोठविलेले दही द्यावे, हीही त्याच बाईंची युक्ती.

अडचण एकच होती. शिकवणी चालू असताना त्याला पूर्ण दिवस एकटे ठेवायचे नाही. नाहीतर मिनिटामिनिटाने कमावलेले एका सकाळीत बुडते. आमच्या रजा किती पुरणार? नाइलाजाने आम्ही शेजारच्या मावशींकडे गेलो, माफी मागण्याच्या तयारीनेच. त्या म्हणाल्या, "अरे, मी काही आवाजाचा त्रास होतो म्हणून आले नव्हते. तो दिवसभर हाक मारतो. माझ्या घरात कोणी हाक मारत नाही, म्हणून मला ती जास्त ऐकू येते." दुसऱ्या दिवसापासून त्या सकाळी आठला भाजी निवडायला आमच्या ओटीवर येऊ लागल्या. पहिल्या दिवशी त्या नकळत नानांच्या खुर्चीत बसल्या. आमच्यापैकी कोणीही सहा महिन्यांत त्या खुर्चीत बसलेले नव्हते. रॉकीने त्यांच्याकडे पाहिले, थोडा वेळ उभा राहिला, आणि खुर्चीखाली जाऊन पसरला.

सप्टेंबरअखेर जखम मिटली. ऑक्टोबरात तो चाळीस मिनिटे एकटा राहू लागला, नाताळापर्यंत तीन तास. दिवाळीच्या फटाक्यांना आम्ही आधीपासून तयारी केली. मधली खोली, बंद खिडक्या, जाड पडदे, पंख्याचा आवाज, आणि कोणीतरी सोबत. थर्टीफर्स्टच्या रात्री मिस्सेला घरातल्या सर्वांनी एकत्र जाण्याची आमची रीत आम्ही मोडली. एक जण घरी थांबला. धर्मकर्तव्यात कसूर झाली का, असे आमच्या मनात आले. मग आठवले की, साथीच्या दिवसांत तापाने फणफणलेल्या माणसापाशी बसणाऱ्यांना कोणी मिस्सेबद्दल विचारले नव्हते. फादरांना सांगितले, तर ते एवढेच म्हणाले, "तोबियासबरोबर प्रवासाला देवदूत होता, आणि कुत्राही होता. दोघांना बायबलात जागा आहे."

पूर्ण बरे झाले, असे मात्र आम्ही लिहिणार नाही. लिहिले, तर ते खोटे ठरेल. औषध सव्वा वर्षाने, हळूहळू मात्रा उतरवीत बंद केले. त्यानंतर २०२५च्या जूनमध्ये धाकटाही शिक्षणासाठी वसतिगृहात गेला, आणि आठवड्याभरात पायाचे केस ओले दिसू लागले. या खेपेला आम्ही मलम शोधीत बसलो नाही, रागावलो नाही, त्याच दिवशी मोबाईल कपाटावर ठेवला. पुन्हा किल्ली खुळखुळविणे, पुन्हा दोन मिनिटे, पाच मिनिटे. तीन आठवड्यांत तो सावरला. जखमेच्या जागी आज काळसर, बिनकेसांचा, गुळगुळीत वण आहे. तो तसाच राहणार, असे डॉक्टरबाई सांगतात.

कुत्रा सोडून देणे हा १९६०च्या प्राणिक्रूरता प्रतिबंधक कायद्याने गुन्हा ठरू शकतो, आणि आखूड साखळीने तासन्‌तास बांधून ठेवणेही, हे आम्ही पुढे वाचले. त्या वेळी ठाऊक असते, तर कदाचित कायद्याच्या भीतीने आम्ही थांबलो असतो. न थांबण्याच्या किती जवळ आम्ही गेलो होतो, हे मात्र त्याने बदलत नाही.

रॉकीला नानांच्या मरणाचे कळले होते का, हा प्रश्न आम्ही डॉक्टरबाईंना विचारला होता. त्या म्हणाल्या, "मरण कळलं की नाही, ते मला सांगता येणार नाही. माणूस परत आला नाही, एवढं त्याला नक्की कळलं." आम्हांलाही त्याहून अधिक काही कळले होते, असे नाही. फरक इतकाच की, आम्ही कामाच्या, गाडीच्या, हप्त्यांच्या गडबडीत ते झाकून ठेवले, आणि त्याला झाकता आले नाही. सहा महिने ज्यांचे नाव आम्ही टेबलावर घेतले नाही, त्यांच्या खुर्चीखाली बसून तो रोज अकराव्या मिनिटाला त्यांची आठवण काढीत होता. आणि आम्ही त्याला साखळी लावली होती.

आता संध्याकाळी रोझरी पुन्हा सुरू झाली आहे. थोरली आणि धाकटा कधी फोनवरून सामील होतात. मावशी नानांच्या खुर्चीत बसून रहस्ये काढतात. रॉकी खुर्चीखाली असतो. कधी मधेच त्याची जीभ सवयीने वणाकडे वळते. तेव्हा मावशी प्रार्थना न थांबविता, जपमाळ नसलेला हात खाली सोडतात. तो त्यांचा हात चाटतो.